वरण किती घट्ट?

गेले दोन आठवडे पुण्याहून फोन आला की विषय एकच, आईचं प्रोटीन. दादाला जिमच्या ट्रेनरने सांगितलंय की शाकाहारातलं प्रोटीन अर्धवट असतं, तेव्हा आईला पावडर सुरू करा. काका दुसऱ्या टोकाला: वरणभातावर पिढ्या पोसल्या, डबे कसले आणता? मला दोघांचाही राग येतो. आणि मी जर्मनीत, स्टुटगार्टात बसून बोलतो याचा दादाला राग येतो.

अर्धवट म्हणे! आमच्या कँटीनला गुरुवारी लिन्झन मिट श्पेत्सले असतं. सॉसेज नको म्हणून सांगितलं की ताटात उरतात शिजलेले मसूर आणि गव्हाच्या बोटभर शेवया. म्हणजे आपल्या चकोल्याच. प्रोटीनचे जे घटक शरीराला लागतात, त्यांपैकी गव्हात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि तेही एकाच जेवणात व्हायला हवं असं नाही, दिवसभरात झालं तरी पुरतं. इथल्या आल्बच्या डोंगरपट्ट्यातली मसुराची शेती गेल्या शतकात बंद पडली, जुनी वाणं नाहीशी झाली. २००६ साली ती सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणेसंग्रहात सापडली आणि मूठभर बियांपासून लोकांनी ती पुन्हा वाढवली. मसुरासाठी एवढं करणारी माणसं मी रोज बघतो. तूर पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाने डाळीला कमी लेखलं की मला सहन होत नाही.

पण काकांचंही मला पटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत पावडरी टाळायला सांगितलंय, हे ते दहादा ऐकवतात. त्याच संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, ते मात्र विसरतात. ८५ ग्रॅम कोरडी डाळ कुणाच्या ताटात पडते?

मी आईचा हिशेब मांडला. वजन ५८ किलो, किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम. चार पोळ्यांचे बारा, दोन वाट्या भाताचे पाच, चहा-दह्यातल्या दुधाचे आठ-नऊ, भाजीचे तीन-चार. आणि अर्धी-अर्धी वाटी पातळ वरण, त्याचे फार तर सहा. बेरीज पस्तिशीच्या आसपास. उरलेले बारा-तेरा भरायला डबा लागत नाही. तीस ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. मटकीची उसळ रोज एक वाटी घट्ट खाल्ली तरी निम्मं काम होतं.

हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला उसळ सोसत नाही, माहीत नाही का तुला?"

माहीत होतं. लहानपणापासून ऐकलंय, मला सोसत नाही, पित्त होतं, तुम्ही घ्या. आम्ही घ्यायचो. बाबांना पहिलं घट्ट वरण, मग आम्हा दोघांना, आणि पातेल्यात पाणी घालून वाढवलेलं तिला. गेल्या डिसेंबरात ती इथे आली होती. माझ्या बायकोने मटकी केली, आईने दोनदा मागून घेतली. काही झालं नाही. मी भांडी घासत उभा होतो, आणि चाळीस वर्षांत एकदाही तिला विचारलं नाही हे मला तिथे कळलं.

त्यानंतर मी काय केलं? ती परत निघाली तेव्हा बॅगेत इथल्या प्रोटीन पावडरचे दोन डबे भरले. दादाच्या आधी मीच. तिच्या शेजारी जेवायला बसणं मला शक्य नव्हतं, डबा देणं शक्य होतं. दादावर ओरडताना हे मी त्याला सांगितलेलं नाही.

काल फोनवर आईला म्हटलं, ताट दाखव. तिने फोन खाली केला. पोळी, दुधी, वाटीत वरण. वाटीचा तळ दिसत होता.




"घट्ट घे ना गं," म्हटलं.

"दादा यायचाय अजून," ती म्हणाली.