तोट्यातली बाग

सकाळी बागेत चालायला जाणं हा माझा छंद नव्हे. निर्णय डॉक्टरांचा, अंमलबजावणी बायकोची, माझ्याकडे फक्त पाय. गेली सहा वर्षं हे पाय पालिकेच्या बागेत रोज चार फेऱ्या मारतात. त्यातल्या दोन फेऱ्या बाकावर बसून होतात, पण हा तपशील मी घरी कळवलेला नाही.

एके सकाळी फाटकावर नोटीस दिसली. नोटीस वाचायला जिथं उभं राहावं लागतं, तिथं नेमका चिखल होता. बागेतली झाडं वाळली तरी ही जागा कधी वाळत नाही. 'सदर उद्यानाचा देखभाल खर्च व प्राप्त उत्पन्न यांतील तफावत विचारात घेता उद्यान वापर शुल्क आकारण्याचे प्रस्तावित असून, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना 30 दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात.' खाली तारीख होती, 26 दिवसांपूर्वीची. म्हणजे विचार करायला 26 दिवस पालिकेने आमच्या वतीने आधीच घेतले होते.

सोबत वापराच्या प्रकारांचा तक्ता होता. चालणे. पळणे. बसणे (एक तासापर्यंत). बसणे (एक तासाहून अधिक). व्यायाम, साधनांसह. व्यायाम, साधनांविना. आणि सगळ्यात शेवटी, समूहाने हसणे.

एकट्याने हसणं मोफत असावं. तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, पण एकट्याने हसणाऱ्याकडे पैसे मागायला कोण जाणार?

मला खरी काळजी माझ्या वर्गवारीची होती. मी चालतो, पण तिसऱ्या वळणावर एक कुत्रं आहे. त्याची मर्जी नसेल तर मी पळतो. मग माझ्या पावतीवर 'चालणे' असताना मी पळालो, तर फरकाची रक्कम कोणी भरायची, मी की कुत्र्याने? रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, मला काय विचारता? मी कंत्राटी आहे." या एका वाक्यात हल्ली सगळ्याच प्रश्नांची उत्तरं मावतात.

बाकावर नाना बसले होते. नाना निवृत्त हिशेबनीस. निवृत्त म्हणजे पगार थांबला, हिशेब नाही. त्यांना म्हटलं, "नाना, बाग तोट्यात गेली म्हणे."

"बाग तोट्यात जात नसते, दाखवली जाते," नाना म्हणाले. "माळी, पाणी, वीज, रखवालदार, हा सगळा खर्च बागेच्या नावावर पडतो. उत्पन्न मात्र तिच्या नावावर पडत नाही."

"बागेला कसलं आलंय उत्पन्न?"

नानांनी काठीने समोरच्या इमारती दाखवल्या. "त्या घरांच्या खिडक्या बागेवर उघडतात, म्हणून त्यांना भाव जास्त. जिथं मालमत्ता कर किमतीवर ठरतो, तिथं भाव जास्त म्हणजे करही जास्त. तो जमा होतो कर खात्यात. वर्षअखेर कर खात्याची पाठ थोपटतात आणि उद्यान खात्याला विचारतात, तुम्ही काय कमावलंत? घरातल्या बाईसारखं आहे हे. तिचा खर्च वहीत, कमाई कुठेच नाही."

मी त्या घरांकडे नव्याने पाहिलं. एका गॅलरीत एक गृहस्थ बागेकडे बघत आळस देत होते. फुकट. तक्त्यात 'बाहेरून बघणे' नव्हतं.

"आणि ते कारंजं?" मी विचारलं. आमच्या बागेत एक कारंजं आहे. उद्घाटनाच्या दिवशी ते उडालं, त्यानंतर त्यात पावसाखेरीज कोणी पाणी घातलेलं नाही.

"ते भांडवली खर्चातलं, म्हणजे नवं काही उभारायच्या पैशातलं," नाना म्हणाले. "त्यात पाणी सोडायचं ते महसुली, म्हणजे रोजच्या चालवण्याच्या खर्चातून. कारंज्याला पैसे होते, पाण्याला नाहीत. दोन वेगळे खिसे. कारंज्याची फीत कापता येते. माळ्याच्या पगाराची फीत कापलेली कधी ऐकली आहेस?"

मागच्या बाजूला कुंपणाला भगदाड आहे. त्याचंही तसंच. नवं कुंपण मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं. लोकांनी दुरुस्ती मागितली, म्हणून भगदाड राहिलं.

हरकत द्यायला पालिकेत गेलो. पहिल्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "हरकत आहे की सूचना?" म्हटलं, "शुल्क घेऊ नये, असं म्हणणं आहे." "म्हणजे 'घेऊ नये' ही हरकत, की 'घेऊ नका' ही सूचना?" मी व्याकरणात पहिल्यापासून कच्चा. हरकत म्हटलं. हरकती दुसऱ्या मजल्यावर होत्या. दुसऱ्या मजल्यावर तीन प्रती मागितल्या, झेरॉक्स तळमजल्यावर होतं. अशा चढउताराने डॉक्टरांनी ठरवलेल्या चार फेऱ्या त्या दिवशी प्रथमच प्रामाणिकपणे पूर्ण झाल्या. या व्यायामाला शुल्क नव्हतं. अखेर आवक क्रमांक मिळाला आणि सुनावणीची तारीखही.

आता मी पेटलो. रात्री जागून वाचायला बसलो. बायकोने विचारलं, "परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "सुनावणी आहे." ती म्हणाली, "अहो, त्या बागेत तुम्ही बसता तरी किती, म्हणून एवढं?" मी विषय बदलला.

वाचता वाचता कळलं की मी एकटा नाही. बागेत कोणी काय करावं आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, हा वाद बागांइतकाच जुना आहे. अमेरिकेत बॉस्टन शहराचं सार्वजनिक कुरण 1634 सालचं. तिथं गुरं चारायची मुभा होती. गुरं फार झाली तेव्हा 1646 मध्ये नियम आला, एका वेळी 70 गायी, जास्त नाही. ज्यांना मेंढ्या पाळायच्या असतील त्यांनी एका गायीऐवजी चार मेंढ्या आणाव्यात. किती स्वच्छ तक्ता! आमच्या तक्त्यात एक पळणारा म्हणजे किती बसणारे, हे कुठं होतं? 1830 मध्ये तिथं गुरांना बंदी झाली आणि कुरणाची रीतसर बाग झाली.

इंग्लंडमध्ये डर्बीला 1840 साली एका गिरणीमालकाने शहराला बाग दिली. बाग दिली, पण देखभालीला पैसे सोबत आले नाहीत. दानशूर माणसांचं हे नेहमीचं. मग आठवड्यातले पाच दिवस तिकीट आणि दोन दिवस फुकट, अशी सोय झाली. पुढे तेही तिकीट गेलं.

खरे हुशार निघाले ते इंग्लंडमधल्याच बर्कनहेडचे लोक. सार्वजनिक पैशातून जनतेसाठी बाग करणारं हे पहिलं गाव समजतात. दलदलीची 226 एकर जमीन घेतली, 125 एकरांवर बाग केली आणि कडेची जमीन घरांसाठी विकली. बागेसमोर घर म्हटल्यावर जमिनीला भाव आला. 1847 मध्ये बाग खुली झाली. ती बघायला 1850 मध्ये अमेरिकेहून एक तरुण आला, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. पुढे त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला आणि बागेभोवतीच्या वस्त्यांतून कर किती वाढला याचे आकडे मांडून दाखवले. म्हणजे आमच्या नानांचं म्हणणं त्याने आकड्यांसकट आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

पण मला सगळ्यात आवडली ती न्यूयॉर्कच्या खुर्च्यांची गोष्ट. 1901 साली ऑस्कर स्पेट नावाच्या गृहस्थाने तिथल्या उद्यानप्रमुखांना सांगितलं, मी वर्षाला 500 डॉलर देतो, मला बागांमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडू द्या, पॅरिस-लंडनला असतात तशा. त्यांनी मान्य केलं. चांगल्या खुर्चीला पाच सेंट, साध्या खुर्चीला तीन. खुर्च्या मांडल्या सावलीत. सावलीतले फुकटचे बाक गेले उन्हात. आणि नेमकी त्या उन्हाळ्यात काहिली पेटली. लोक खुर्चीत बसायचे आणि पैसे द्यायला साफ नकार द्यायचे. उठवायला गेलेल्या नोकरांभोवती गर्दी जमायची, मारामाऱ्या व्हायच्या. त्या जुलैत करारच रद्द झाला. शहराने फक्त बसण्याचं भाडं मागितलं नव्हतं, सावलीचं मागितलं होतं.

अगदी अलीकडचं म्हणजे 2016. इंग्लंडमधल्या स्टोक गिफर्ड गावच्या परिषदेने, दर शनिवारी बागेत पाच किलोमीटर पळणाऱ्या मंडळींकडून पैसे घ्यावेत, असा ठराव 6 विरुद्ध 4 मतांनी केला. पायवाटांची झीज होते, म्हणून. 'पार्करन' नावाचा हा उपक्रम 2004 मध्ये अवघ्या 13 धावपटूंनी सुरू झाला आणि जगभर फुकटच चालतो. त्यांनी पैसे द्यायला नकार दिला आणि तिथलं पळणं बंद झालं. पण परिषदेचं म्हणणंही मला सोडवेना. वाट झिजते हे खरंच आहे, ती बुजवायला खडी फुकट मिळत नाही. मी स्वतः एका बाकाची काय अवस्था केली आहे ते मला माहीत आहे.

सुनावणीला मी 11 पानं घेऊन गेलो. अनुक्रम पक्का होता. बॉस्टनपासून सुरुवात, मग डर्बी, बर्कनहेड, न्यूयॉर्कच्या खुर्च्यांवर आवाज चढवायचा, स्टोक गिफर्डला खाली आणायचा आणि शेवटी नानांच्या मालमत्ता कराने घाव घालायचा.

साहेब म्हणाले, "प्रत्येकाला दोन मिनिटं."

माझ्याआधी हास्यमंडळाचे अध्यक्ष होते. दोन मिनिटांत ते इतके चिडून बोलले की त्यांना हसताना पाहिलंय यावर विश्वास बसेना. मग माझा नंबर.

"महोदय," मी म्हटलं, "या प्रश्नाकडे आपण इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं पाहिजे. 1634 साली..." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी घाईत कुरण सांगितलं, गायी सांगितल्या, मेंढ्यांचा हिशेब सांगितला. मेंढ्यांपाशी समोरचे कारकून मान वर करून बघू लागले, म्हणून मी रंगात येऊन तो नियम पुन्हा सांगितला. घंटा वाजली.

"साहेब, मुख्य मुद्दा पुढे आहे."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "पुढचे!"

नानांचाही क्रमांक होता. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, रस्त्यावरच्या दिव्यांनी गेल्या वर्षी किती कमावलं?" साहेब म्हणाले, "तो विषय विद्युत विभागाचा." नाना खाली बसले. त्यांचे 12 सेकंद झाले होते.

महिन्याभराने सुनावणीचा अहवाल आला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'हरकतीचा तपशील: उद्यानात 70 गायी अथवा त्या प्रमाणात मेंढ्या चारण्यास परवानगी मिळावी. अभिप्राय: पशुसंवर्धन हा विषय उद्यान विभागाच्या कक्षेत येत नसल्याने मागणी मान्य करता येत नाही.'

हा कागद बायकोने वाचला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेंढ्या?" त्यानंतर ती हसायला लागली आणि तिच्या हाताखालून वाचणारी मुलगीही. समूहाने हसणे, साधनांविना.

शुल्काचं मात्र नवलच झालं. निवडणूक जवळ आली असावी, कारण प्रस्ताव 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' झाला. बागेत आनंदीआनंद. हास्यमंडळाने त्या दिवशी जादा वेळ घेतला. पण शुल्क येणार म्हणून तिकिटाची खिडकी आणि लोखंडी फिरतं दार आधीच मंजूर झालं होतं. ते भांडवली खर्चातलं. त्याला स्थगिती नव्हती. फीत कापली गेली, फोटो निघाला. मोठं फाटक बंद झालं आणि आम्ही एकेक करून त्या दारातून फुकट आत जाऊ लागलो. खिडकीत एक माणूसही बसवला. तो तिकीट देत नाही, कारण तिकीट नाही. तो बसतो. त्याचा पगार आणि दाराचं तेलपाणी बागेच्या नावावर पडतं, म्हणजे पुढच्या वर्षी तोटा वाढलेला असेल, असं नाना म्हणतात. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, आणि आनंदाने सांगितलं. हिशेबनिसाला आकडा बरोबर येण्याचा आनंद असतो, तो कुठल्या बाजूने आला याचं दुःख नसतं.

परवा पाऊस झाला. दाराला तेल मिळालेलं नसावं. मी आत शिरलो, अर्धा फिरलो आणि दार थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. पुढे बाग, मागे चिखल, मी मधे सळ्यांत. खिडकीतल्या माणसाला हाक मारली. तो म्हणाला, "काका, मला दाराचं सांगू नका, मी तिकिटाचा आहे."

आतून नाना काठी टेकत आले. त्यांच्या मागे हास्यमंडळ होतं. मी विचारलं, "तुम्ही सगळे आत कसे आलात?"

"कसे म्हणजे?" नाना म्हणाले. "मागच्या भगदाडातून."