एका ओळीचं काम

‘फक्त’ या शब्दाइतका घातकी शब्द मराठीत दुसरा नाही. आमचा २६ मिनिटांचा माहितीपट एडिट होऊन तयार झाला तेव्हा दिग्दर्शक मित्र म्हणाला, "चला, सुटलो! आता फक्त चॅनलला फाइल पाठवायची. तू कर ना, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं." मला कॉम्प्युटरमधलं कळतं ही अफवा मीच पसरवली होती, कधीतरी कुणाचा तरी रुसलेला प्रिंटर चालू करून. ती अशी अंगाशी आली.

चॅनलने फाइल कशी हवी ते ३४ पानांत कळवलं होतं. डबा, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाइल, एमएक्सएफचा. आत चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं, रंग फोर-टू-टू. १०८० ओळी, इंटरलेस्ड, सेकंदाला २५ फ्रेम. बिटरेट ५० मेगाबिट, तोही कायम. म्हणजे पडद्यावर मारामारी असो की नुसता काळोख, दर सेकंदाला ५० मेगाबिट खर्च झालेच पाहिजेत. सरकारी अनुदान मार्चअखेर संपवतात तसं. आवाजाचे आठ स्वतंत्र ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचं घड्याळ, दहा वाजता सुरू. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी मिळत होती, पण एका घरात नांदायला त्या तयार नव्हत्या.

एका जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, "एफएफएमपेग वापर. एका ओळीत होतं."

खोटं नव्हतं ते. ओळ एकच होती. फक्त ती माझ्या स्क्रीनवर साडेचार ओळी व्यापत होती.

एफएफएमपेग हे फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं प्रकरण. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलून देतं. फुकट आहे आणि जगातला जवळजवळ कुठलाही व्हिडिओ खातं. त्याला खिडकी नाही, बटण नाही. टर्मिनल नावाच्या काळ्या पडद्यावर टाइप करून सांगायचं. आणि ते तुमचं अक्षरशः ऐकतं, हीच खरी अडचण. माणसाला आपण अर्धवट सांगतो आणि तो समजून घेतो. इथे कुठला पर्याय कुठे लिहिला यावर सगळं अवलंबून. इनपुटच्या आधी लिहिलेला पर्याय इनपुटला लागू, आउटपुटच्या आधीचा आउटपुटला. आणि आउटपुटच्या नावानंतर लिहिलेला? वरातीमागून घोडं. मी टाइमकोड आठवेल तसा सगळ्यात शेवटी लिहिला. त्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना आली, तिचा अर्थ असा, की शेवटी काही पर्याय सापडलेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता आहे. शक्यता! मी ती वाचलीही नाही, कारण तिच्याखाली तशाच ४० ओळी सरकत होत्या आणि आकडे हलतायत म्हणजे काम चाललंय असं मी समजून चाललो.

वेग चित्रपट चालतो त्याच्या ०.८ पट होता. म्हणजे २६ मिनिटांना साडेबत्तीस मिनिटं. लॅपटॉपचा पंखा असा सुटला, की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, "मिक्सर लावलायस का?" तयार फाइल साडेअकरा जीबी. ती चढवायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी चॅनलच्या तपासणी विभागाचं उत्तर एका वाक्यात: टाइमकोड शून्यापासून सुरू होतो, फाइल नामंजूर.

दुसऱ्या खेपेला टाइमकोड जागेवर बसला. मग फील्ड ऑर्डरने दगा दिला.

इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेमचे दोन भाग असतात. एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. त्यातला आधी कुठला दाखवायचा हे सांगावं लागतं. एचडीत वरचा आधी. मी वापरत होतो त्या आवृत्तीत त्यासाठी ‘टॉप’ नावाचा पर्याय होता, त्यापुढे ० किंवा १ लिहायचं. प्रोग्रामर मंडळी मोजणी शून्यापासून सुरू करतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून ‘पहिला’ म्हणजे शून्य असं मी अनुमान काढलं. शून्य म्हणजे खालचा आधी. आता गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हे नीट कळत नाही, प्लेअर दोन्ही भाग एकत्र कालवून दाखवतो. मी फाइल तीनदा पाहिली, छान दिसली. चौथ्यांदा ती टीव्हीला जोडली. आमच्या माहितीपटातले आजोबा अंगण झाडत होते. झाडू एक हात पुढे जायचा, अर्धा हात मागे यायचा, पुन्हा पुढे. आजोबांना थंडी वाजतेय असं वाटत होतं. पण ही पाहणी मी केली ती फाइल पाठवून झाल्यावर.

आवाजाचं वेगळंच. युरोपीय प्रसारकांच्या आर-१२८ या शिफारशीप्रमाणे कार्यक्रमाची सरासरी पातळी −२३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) हवी. त्यासाठी ‘लाउडनॉर्म’ नावाचा फिल्टर आहे. लावला, आणि एमएक्सएफने दारातच अडवलं: फक्त ४८ किलोहर्ट्झ चालेल. पण माझा आवाज ४८ चाच होता! अर्धा दिवस मी मूळ फाइल उलटीपालटी करून पाहिली. शेवटी कळलं, की हा फिल्टर आवाज मोजायला घेताना स्वतःच्या सोयीसाठी १९२ किलोहर्ट्झवर नेतो आणि परत खाली आणायची जबाबदारी आपल्यावर सोडतो. माळ्यावरचं सामान काढून देणारा पाहुणा परत ठेवत नाही, तसं. ओळीत आणखी एक पर्याय वाढला.

एव्हाना माझा हात बसला होता, आणि हात बसला की माणूस घसरतो. फाइल आधीच असेल तर ‘वर लिहू का?’ असं एफएफएमपेग दर वेळी विचारतं. त्याचा कंटाळा येऊन मी ‘डॅश वाय’ लिहायला लागलो होतो. म्हणजे विचारू नकोस, हो समज. एका रात्री फोल्डरमध्ये दोन मूळ फाइली होत्या: एक पूर्ण माहितीपट, दुसरी पडद्यावरची अक्षरं नसलेली. दोन्ही एकदम घ्याव्यात म्हणून इनपुटच्या जागी फुली मारली, तारांकन. टर्मिनलने त्या ताऱ्याच्या जागी दोन्ही नावं शेजारी शेजारी मांडली. पहिलं नाव इनपुट झालं. दुसऱ्याच्या आधी ‘इनपुट’ असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते आउटपुट झालं. आणि ‘हो’ तर मी आधीच म्हणून ठेवलं होतं. अक्षरं नसलेल्या फाइलच्या जागी अक्षरं असलेली फाइल तयार व्हायला लागली. कंट्रोल-सी दाबेपर्यंत मूळ फाइल कायमची गेली होती. आधीच्या आठवड्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती म्हणून हा लेख विनोदी आहे.

सहाव्या खेपेला चॅनलची मेल आली. टाइमकोड, फील्ड ऑर्डर, बिटरेट, आवाज, सगळ्यापुढे ‘योग्य’. मी दिग्दर्शकाला फोन लावायला घेतला आणि खालची ओळ दिसली: श्रेयनामावलीत ‘दिग्दर्शक’ऐवजी ‘दिर्गदर्शक’ झालं आहे, फक्त तेवढं बदलून पुन्हा पाठवावं.

अक्षर दुरुस्त केलं, टर्मिनल उघडलं, वरचा बाण दाबला. जुनी ओळ साडेचार ओळींत पसरून समोर आली. तिच्या सुरुवातीलाच ‘डॅश वाय’ होतं.