माझ्यातले शंभर वॅट

थंडीच्या दिवसांत लोक घरून निघताना स्वेटर घालतात आणि ऑफिसात पोचल्यावर काढतात. मी ऑफिसात पोचल्यावर घालतो.

बाहेर तापमान बारा अंश. रस्त्यावरची कुत्री नाक शेपटीखाली खुपसून, अंगाचं मुटकुळं करून पडलेली. अशा सकाळी, आता जरा ऊब मिळेल या आशेनं मी ऑफिसचं दार ढकलतो आणि गार हवेचा झोत थेट तोंडावर येतो. एसी चालू आहे. ऐन थंडीत, सकाळी साडेनऊ वाजता, इमानेइतबारे चालू आहे.

माझी जागा एसीच्या जाळीच्या बरोब्बर खाली. हवा येते की नाही ते कळावं म्हणून कुणीतरी कधीकाळी त्या जाळीला कागदाची पट्टी चिकटवली होती. ती माझ्या डोक्यावर दिवसभर फडफडत असते. माझ्याआधी इथे बसणारे गृहस्थ दुसऱ्या विभागात बदली मागून गेले. अर्जात कारण 'कौटुंबिक' असं होतं म्हणे. ते कुटुंब म्हणजे फुप्फुसं, गुडघे आणि मान असणार, हे मला आता कळतं.

माझी शस्त्रसामग्री सांगतो. स्वेटर, मफलर आणि टाइप करता यावं म्हणून बोटं कापलेले हातमोजे (मोज्यांची बोटं, माझी नव्हेत). पण खरा आधार लॅपटॉपच्या चार्जरचा. अर्ध्या तासात तो छान कोमट होतो. मग मी तो मांडीवर घेतो आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवून बसतो, मांजराचं पिल्लू घेऊन बसावं तसा. मीटिंगला जाताना त्याला एकट्याला टाकून जाववत नाही. बॅटरी भरली की तो निवायला लागतो, म्हणून हल्ली मी रात्री घरी बॅटरी मुद्दाम उतरवून ठेवतो. सकाळी नऊ टक्क्यांवर लॅपटॉप घेऊन निघालो की दिवसाची बेगमी झाल्यासारखं वाटतं.

एसी बंद करायला सांगावं, तर ऑफिसात दोन पक्ष आहेत. उकडणाऱ्यांच्या पक्षाचं ठरलेलं ब्रह्मवाक्य असं, "थंडी वाजली तर अंगावर चढवता येतं हो, उकडलं तर काढणार किती?" कुडकुडणाऱ्यांच्या पक्षाला यावर आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

आमच्या पक्षाच्या पुढारी म्हणजे हिशेब विभागातल्या बाई. त्या अभ्यास करून बोलतात. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, "ऑफिसातल्या आरामशीर तापमानाचं सूत्र १९६०च्या दशकातलं आहे, आणि ते चाळीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष धरून बसवलंय. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी हे दाखवून दिलं. आम्ही बायका त्यात धरलेल्याच नाही!" मुद्दा बिनतोड होता. फक्त खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी चाळीस वर्षांचा. वजन सत्तर किलो, जेवणानंतर एकाहत्तर. म्हणजे हे तापमान ज्याच्या मापानं बेतलंय तो माणूस मीच, आणि मीच तिथे मफलर कानावरून गुंडाळून, मांडीवर चार्जर घेऊन बसलेलो.

शेवटी मी एसीवाल्यालाच गाठलं. "अहो, बाहेर एवढी थंडी, मग हा चालवता कशाला?"

"साहेब," तो शिडीवरूनच म्हणाला, "बाहेरची थंडी आत येते कुठे? नुसता बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता सोडतो. इथे तुम्ही साठ जण. वर कॉम्प्युटर, दिवे. मधल्या भागाला ना खिडकी, ना बाहेरची भिंत. ती उष्णता जाणार कुठे? एसी बंद केला तर दुपारपर्यंत भट्टी होईल."

मी खाली बसून हिशेब केला. साठ जणांचे सहा हजार वॅट. एसीचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन हजार वॅट. हा टन मुळात बर्फावरून आलाय, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला लागेल तेवढी उष्णता. म्हणजे आम्ही साठ जण दिवसरात्र नुसते बसून राहिलो तर जवळपास पावणेदोन टन बर्फ वितळवू. तुम्ही लोक नुसते बसून असता, असं साहेब नेहमी म्हणतात. त्यांना हे सांगायला हवं.

संध्याकाळी घरी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "माझ्यात शंभर वॅट आहेत."

"मग इतक्या वर्षांत उजेड कसा नाही पडला?" बायको म्हणाली.

तरी एक शंका राहिलीच होती. बाकीचे भट्टीत, मग मीच एकटा बर्फात कसा? त्याचा उलगडा प्रिंटरपाशी झाला. खोलीतली ऊब मोजून एसी चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट कुलूपबंद पारदर्शक डबीत आहे, आणि ती डबी प्रिंटरच्या डोक्यावरच्या भिंतीला. प्रिंटर गरम हवा सोडतो, थर्मोस्टॅटला वाटतं उन्हाळा आला, आणि त्याची शिक्षा वीस पावलांवर मला. तसं पाहिलं तर यात खानदानी न्याय आहे. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरनं १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी एसीचं हे यंत्र योजलं ते माणसांसाठी नव्हेच. दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसेनात, म्हणून. सव्वाशे वर्षं होत आली, आमचा एसी अजून कागदाशी इमान राखून आहे.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल ओला केला, घट्ट पिळला आणि कुणी नाही असं बघून त्या डबीवर पांघरला. पाणी उडतं तसा गारवा येतो, हे शाळेत शिकलेलं तेवढंच लक्षात होतं. वीस मिनिटांनी डोक्यावरची घरघर थांबली. पट्टी एकदा थरथरली आणि सरळ लोंबकळली. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. हातमोजे काढले. मफलर सैल केला.

दोन वाजेपर्यंत निम्मं ऑफिस वह्यांनी वारा घेत होतं. तीनला एसीवाला आला. त्यानं डबीवरून रुमाल उचलला, कोपऱ्यावरची माझी आद्याक्षरं वाचली, कुलूप उघडून तापमान दोन अंशांनी उतरवलं आणि रुमाल घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. बोलला काहीच नाही.

रुमाल ओलाच होता. मी तो जाळीखाली धरला. पाच मिनिटांत खडखडीत वाळला.