आमेन म्हणायला काय जातं

आज मोटारीला लाईट रातीची आहे, दहा वाजेपर्यंत हाताला काम नाही, म्हणून लय दिवसापासून मनात असलेलं लिहून टाकतो. पोस्ट मोठी आहे, कंटाळा आला तर पुढं सरका. आन चर्चमधल्या लोकांनी राग धरू नये, यातल्या निम्म्या शिव्या मी मलाच घातल्यात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं कापणीचा सण झाला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेतातलं पिकलेलं पहिलं ते चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवायचं, आन भक्ती झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव. डांगर, कणसं, गावरान अंडी, एकानं पाय बांधून कोंबडा आणला होता, तो नेमका प्रार्थनेच्या मधी आरवला आन पोरं खिदळली. लिलावात तर विचारू नका, बाजारात चाळीसला कुणी घेणार नाही ते डांगर पाचशेला गेलं, कारण घेणाऱ्याच्या समोर त्याचा साडू बोली लावत होता. मी सोयाबीनचा पन्नास किलोचा कट्टा दिला. पाळकसाहेबांनी माईकवर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, मी मान खाली घालून उभा राहिलो जसं काही मला नाव घेतलेलं आवडतच नाही.

त्या दिवशीचं वाचन होतं बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय, पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढं आणायचं तो अध्याय. दरसाल तोच असतो. रात्री घरी आल्यावर सहज तेच पान काढलं आन पुढं वाचत गेलो तर लगेच २७ वा अध्याय. त्यात लेवी, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेले लोक, मोठ्यानं एकेक शाप वाचतात आन सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं असतं. पहिला शाप मूर्ती करून लपवून ठेवणाऱ्याला. दुसरा आईबापाचा अपमान करणाऱ्याला. तिसरा कुणाला माहितीय का? शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला. म्हणजे आपल्या भाषेत, बांध कोरणाऱ्याला! आन सर्व लोकांनी म्हणावे, आमेन.

मी ते इतक्या वर्षात वाचलंच नसेल असं नाही. वाचलं असणार. पण त्या रात्री पान उलटलं आन पोटात गोळाच आला, कारण ज्या कट्ट्यावर टाळ्या घेतल्या त्यातलं काही सोयाबीन कुठल्या मातीतलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

आता मागचं सांगावं लागंल. आमची जमीन आज्याला कुळकायद्यात भेटलेली, निजामाचं राज्य गेल्यावर १९५० चा हैदराबाद कुळकायदा आला त्यात. आज्या आन त्याचा धाकटा भाऊ, दोघांत सारखी वाटणी. आज्या आधीच ख्रिस्ती झालेला, धाकट्यानं १९५६ नंतर धम्म घेतला, त्यामुळं बांधाच्या इकडं येशू आन तिकडं बुद्ध असं आमचं आहे, पण लग्नकार्याला, मयतीला एकच भावकी. तिकडच्या शेताचा मालक म्हणजे माझा चुलत भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो. दोन वर्षामागं अण्णानं मोजणी आणली. मशीन लावलं, हद्दीच्या खुणा दाखवल्या, तर आमचा बांध सगळ्या लांबीभर त्याच्या रानात पाच फूट आत. बांध वीस साखळ्या लांब, साखळी तेहतीस फुटाची, म्हणजे सहाशे साठ फूट. करा गुणाकार. तीन गुंठ्याला थोडं वर.

मी काय केलं असंल? मी म्हणलं मोजणी चुकीची आहे, मला मान्य नाही, निमताना मोजणी, म्हणजे वरच्या साहेबाकडून फेरमोजणी लावतो, पिढ्यांची वहिवाट आमची आहे. अण्णा जास्त बोलला नाही. कोर्टकचेरी त्याला परवडत नाही हे मला माहीत होतं, आन मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

आन खरं सांगू का, मोजणी बरोबर आहे यात मला एक दिवस शंका नव्हती. मी सात-आठ वर्षाचा असताना बैलापुढं चालायचो, दादा, म्हणजे आमचे वडील, मागून वखर धरून, आन बांधाच्या कडंला आलं की म्हणायचे, "दाब, दाब जरा तिकडं." दरसाली एक तास, म्हणजे वखराची एक ओळ. कुणाच्या डोळ्यात येत नाही, भांडण होत नाही, एवढंच. हे माझे दादा कोण, तर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, चाळीस दिवस चहा सोडणारे, पेटीवर भजनं म्हणताना डोळ्यातून पाणी काढणारे, गावात कुणाच्या एका रुपयाला न शिवलेले. खोटे नव्हते ते. हे लिहिताना पण हात अडखळतोय, कारण दुसरा शाप आईबापाच्या अपमानाचा आन तिसरा बांधाचा, एकाखाली एक. तिसऱ्याला आमेन म्हणावं तर दुसऱ्यात अडकतो का काय असं वाटतं. आठ दिवस मी ह्याच कारणावर टेकून बसलो होतो. मेलेल्या बापाचं नाव कामून खराब करायचं? कारण एकदम धार्मिक होतं, म्हणून तर टिकलं.

दुसरं कारण त्याच्याहून वंगाळ होतं. मी मनात म्हणायचो, अण्णाच्या पोरांना सवलती भेटल्या, १९९० ला केंद्रानं बौद्धांना पण अनुसूचित जातीत धरलं, ख्रिस्त्यांना अजून नाही, एकाच पणज्याचं रक्त आन माझ्या पोरीला ती सवलत नाही, मग तीन गुंठे इकडं राहिले तर असं काय आभाळ कोसळलं. सवलतीचा प्रश्न खरा आहे, त्यावर कधीतरी वेगळी पोस्ट लिहीन. पण तो अन्याय अण्णानं केलेला नाही, आन त्याची भरपाई त्याच्या बांधातून वसूल करायला मला कुणी सांगितलं होतं?

आता माझं म्हणणं. आपल्या चर्चमध्ये साक्षी होतात. कुणाचा ताप उतरला, कुणाला नोकरी लागली, कुणाचं पोरगं दुबईला गेलं, हालेलुया. होऊ द्या, मला आनंदच आहे. पण एवढ्या वर्षात एकानं उभं राहून सांगितलेलं ऐकलं नाही की मी मजुराची अडकवलेली मजुरी चुकती केली, किंवा कापसाच्या काट्यात येचणाऱ्या बायांचं किलो-अर्धा किलो मारत होतो ते बंद केलं. उपवास प्रार्थना तीन दिवसाची, रात्रभराची जागरणं, कन्व्हेन्शनला ट्रॅव्हल्स भरून लोक. मी स्वतः त्या ट्रॅव्हल्सचे पैसे गोळा करणारा माणूस. गुडघ्यावर दोन तास बसायला आपण तयार असतो, कारण तिथं आपलं काही जात नाही. अण्णाच्या घरापर्यंत चालत जायला पाच मिनिटं लागतात, तिथं मात्र मला दोन वर्षं लागली.

बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याचं ते वचन आपल्या सगळ्यांना पाठ, "यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे". हे वचन आपल्याकडं बहुतेक वेळा कधी निघतं, तर कमिटीत कुणी पाळकाला हिशोब विचारला की. आज्ञा पाळा म्हणजे गप बसा. पण मूळ गोष्ट काय आहे बघा. शौल राजानं जे ठेवायचं नाही असं सांगितलं होतं तीच चांगली चांगली मेंढरं ठेवली, आन वरून म्हणतो मी आज्ञा पाळली. शमुवेल त्याला विचारतो की मग ही मेंढरं ओरडताना ऐकू येतात ती कशाची? तर म्हणतो देवाला यज्ञ करायलाच ठेवलीत. माझ्या कट्ट्यातलं सोयाबीन ओरडलं नाही एवढाच फरक. जे माझं नाही त्यातलं देवाला वाहिलं आन टाळ्या घेतल्या.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आन ते मी स्वतः लोकांना दिलेलं आहे, की भाऊ तारण, म्हणजे आपला उद्धार, देवाच्या कृपेनं आहे, कर्मानं नाही. बरोबर आहे, इफिसच्या पत्रात लिहिलेलंच आहे. पण त्याच्याच पुढची ओळ वाचा, सत्कृत्यं करायसाठी आपल्याला घडवलंय असं आहे तिथं. आपण पूर्णविराम आपल्या सोयीनं टाकतो. बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट आपण संडे स्कूलच्या पोरांना शिकवतो, बुटका माणूस उंबरावर चढला म्हणून हातवारे करून गाणं म्हणवून घेतो, गाणं झाडावरून खाली उतरतं आन संपतं. पुढचा हिशोब कुणी गात नाही. अर्धी मालमत्ता गरिबाला, आन कुणाचं फसवून घेतलं असंल तर चौपट परत. येशू त्याच्याकडं आधीच गेलेला होता बरं का, चौपट दे मग येतो असं म्हणला नव्हता. कृपा आधीच आली. पण ती घरात आली की पैशाच्या पेटीचं झाकण उघडलंच.

आमच्या जालन्याकडच्या ख्रिस्ती लोकांना नारायण शेषाद्री हे नाव सांगावं लागत नाही. ब्राह्मणाघरचा माणूस, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तर केवढा गदारोळ झाला, पुढं जालन्याला येऊन महारामांगात काम केलं, बेथेल नावाचं गाव वसवलं. आपण त्यांचं नाव घेऊन छाती फुगवतो. त्यांचा विश्वास कुठं दिसला, तर कुणाच्या शेजारी राहिले त्यात. त्या काळात त्या माणसाला ह्याची काय किंमत पडली असंल, इचार करा, आन आपल्याला पाच फूट सोडवत नाही.

असो. डिसेंबरात एका संध्याकाळी गेलो. घरी बायकोला सांगितलं तर ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणली पोरांना काय सांगणार. माय चुलीपाशी होती, तिनं मान वर पण केली नाही, म्हणली, "म्या तुझ्या बापाला तवाच म्हणलं व्हतं. आयकलं नाही." म्हणजे मायला पहिल्यापासून माहीत! एवढी वर्षं एका चर्चमध्ये, एका बाकावर.

अण्णा ओट्यावर बसून तूर निवडत होता. जय भीम घातला, बसलो, पाणी झालं, चहा झाला, पावसाचं झालं, बाजारभावाचं झालं. मग मी म्हणलं, "अण्णा, मोजणी बरोबर हाय. खुणेवर दगड रोवून घेऊ."

अण्णानं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, जसं काय माझ्यामागं कुणी लपलंय.

"कामून रे? काही कागदावर सही पायजे का?"

नाही म्हणलं.

"मग जमीन इकायची का तुला? गिऱ्हाईक आलंय का?"

तेबी नाही म्हणलं.

"मग बिमार-बिमार हाय का?"

आता हसावं का रडावं. मी हे देवासाठी करतोय हे सांगायला तोंड उघडलं आन शब्दच निघाले नाहीत, दोन वर्षं जमीन दाबून ठेवल्यावर देवाचं नाव कोणत्या तोंडानं घ्यावं. एवढंच म्हणलं की चूक आमची होती. अण्णा बराच वेळ तूर चाळत राहिला. म्हणला, "काका लय चांगला माणूस व्हता पण." बस, बापाविषयी एवढंच. तो दुसरा शाप डोक्यात घेऊन मी तिथं गेलो होतो, आन त्याचं उत्तर अण्णानंच दिलं.

चार दिवसांनी दगड रोवले. जी पट्टी गेली तिच्यात दादांनी लावलेला कडुलिंब आहे, उन्हाळ्यात तिथंच आम्ही भाकरी खायचो. तो पण तिकडं गेला. हे मला आधी सुचलंच नव्हतं, कुदळ मारताना दिसलं, आन तेवढ्या एका क्षणाला वाटलं की राहू द्यावं सगळं. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याला कळल्यापासून फोन उचलत नाही. मला न विचारता बापाची जमीन वाटणारा तू कोण, असा मेसेज आला. त्याचंही चुकीचं नाही, त्याला आधी विचारायला पाहिजे होतं, ती माझीच गडबड. एक आज्ञा पाळायला गेलो आन दुसरीकडं पाय घसरला.

आन तुम्हाला वाटत असंल अण्णा गळ्यात पडला असंल, तर तसं काही झालं नाही. परवा पारावर भेटला. त्याचा नातू मिशनच्या शाळेत जातो. चार माणसात अण्णा मला म्हणतो, "आमचं पोरगं सांगत व्हतं, तुमच्या पुस्तकात त्या झाडावरच्या माणसानं चौपट देलं म्हणं. आन मागचा माल रे?" सगळे हसले, मी पण हसलो.

पण घरी येऊन वहीच्या पाठीमागं हिशोब केलाच. आमच्याकडं बरं साल असलं तर एकरी आठ क्विंटल सोयाबीन होतं, तीन गुंठ्याला साठ किलो. तिथं सोयाबीन घेऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणजे पंधरा क्विंटल. चौपट केलं तर साठ. माझं सगळं रान तीन एकर, त्यातून वर्षाला निघतात चोवीस. बायकोनं मागून वाकून बघितलं आन म्हणली, हे काय करून राहिले, आधी तुरीचं खळं होऊ द्या. कागद फाडला नाही, अनुवादाच्या २७ व्या अध्यायात घालून ठेवलाय. दहा वाजले, लाईट आली, मोटार चालू करायला निघतो.