एका मशिनला अपडेट आलं, शेजारच्याला नाही

गेले पंधरा दिवस बेळगावात एक मेसेज फिरतोय. उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या ग्रुपवरून तो शाळेच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर आला. शेवटी शहापुरातल्या ज्या छापखान्याची कॉम्प्युटर मशिनं मी बघतो, तिथल्या मामांनी तो मलाच पाठवला. खाली एवढंच: "हे काय म्हणायलेत बघ. लिनक्स तूच बसवलंयस नव्हं?"

मेसेजचं सार असं. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) फुकट, म्हणून त्याची अपडेटं कोणी तपासत नाही. कोणीही कोड टाकतो आणि तासाभरात तो तुमच्या मशिनवर येतो. एकसारख्या दोन मशिनांपैकी एकालाच अपडेट येतं, यावरूनच गोंधळ कळतो. २०२४ मध्ये तर हॅकरनंच आत कोड घुसवला. पैसे घेणाऱ्या कंपन्या तपासून पाठवतात. तेव्हा अपडेट बंद ठेवा.

सगळंच खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात) एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे. तो आला की सांगतो.

"कोणी तपासत नाही, तासाभरात येतं." लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. मामांकडं त्यातलं उबुंटू आहे आणि उबुंटूचा पाया डेबियन हा दुसरा प्रकार. डेबियनमध्ये नवीन पॅकेज (म्हणजे बसवायला तयार बांधलेला प्रोग्रॅम किंवा त्याची नवी आवृत्ती) आधी 'अनस्टेबल' शाखेत पडतं. तिचं टोपणनाव सिड, एका सिनेमातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं. तिथून 'टेस्टिंग' शाखेत जायला निकडीप्रमाणे साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबावं लागतं. नुसते दिवस भरून भागत नाही. पॅकेज वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधून व्हावं लागतं, नव्या आवृत्तीवर नवा गंभीर बग नोंदलेला चालत नाही, आणि त्या पॅकेजच्या व त्याच्यावर विसंबून असलेल्या पॅकेजांच्या चाचण्या आपोआप चालतात. आधी पास होणारी चाचणी आता नापास झाली की पॅकेज अडलं. कोणाला पुढं सोडायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ब्रिटनी. तिचा निर्णय फिरवायचा तर रिलीज टीमच्या माणसाला तशी नोंद करावी लागते, आणि ती नोंद कोणालाही बघता येते. ही टेस्टिंग शाखा दोनेक वर्षांनी गोठवतात, मग तिची 'स्टेबल', म्हणजे नेहमीच्या वापराची आवृत्ती, होते. बुकवर्म नावाची स्टेबल १० जून २०२३ ला आली, त्यानंतरची ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. यात तासाभराचा हिशेब कुठं बसतो, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ओपनसूझे या आणखी एका लिनक्सवाल्यांची पद्धत तर बघत बसावी अशी. त्यांच्या टम्बलवीड या आवृत्तीत सतत नवी पॅकेजं येतात. ती आधी 'स्टेजिंग'च्या गटांत एकत्र बांधून बघतात. मग ओपनक्यूए नावाची यंत्रणा आभासी मशिन चालू करते, त्यावर सिस्टिम बसवते, माणसासारखी कीबोर्डची बटणं दाबते, माउस हलवते, आणि प्रत्येक पायरीला स्क्रीनचा फोटो काढून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून बघते. त्या नमुन्यांना ते 'नीडल' म्हणजे सुई म्हणतात. जिथं बटण दिसायला हवं तिथं ते दिसलं नाही की चाचणी नापास. फेडोरा हे आणखी एक लिनक्सही हीच यंत्रणा वापरतं. मामा पत्रिकेचं प्रूफ असंच तपासतात: डाव्या हाताला हाताने लिहिलेला मजकूर, उजव्या हाताला छापलेला कागद, आणि दोन्हीवरून सरकणारी दोन बोटं. फक्त मामा जेवणानंतर डुलकी काढतात.

"एका मशिनला येतं, दुसऱ्याला नाही." हा मुद्दा मामांनी स्वतः अनुभवला होता, म्हणून त्यांना मेसेज पटला. त्यांच्याकडं दोन मशिनं शेजारी-शेजारी आहेत, एकाच दिवशी एकाच पेनड्राइव्हवरून बसवलेली. एकावर लग्नपत्रिका जुळवतात, मराठी आणि कन्नड दोन्ही, दुसऱ्यावर बिलं. बिलाच्या मशिनवर अपडेट आलं आणि पत्रिकेच्या मशिननं 'टप्प्यांमुळं पुढं ढकललं' या अर्थाची इंग्रजी ओळ दाखवली. मामांनी ती एरर समजून फोटो काढून ठेवला होता.

ती एरर नाही, ती रांग आहे. उबुंटूच्या चालू आवृत्तीतली नेहमीची दुरुस्ती आधी 'प्रपोज्ड' नावाच्या कप्प्यात जाते. तिथं कोणीतरी ती खरोखर बसवून बघून 'तपासलं' अशी खूण करावी लागते, आणि साधारणपणे किमान ७ दिवस ती तिथं मुरते. नंतरही सगळ्यांना एकदम मिळत नाही. सुरुवातीला १० टक्के मशिनांना, मग टप्प्याटप्प्यानं बाकीच्यांना. पहिल्या मशिनांवरून प्रोग्रॅम कोसळल्याचे नवे रिपोर्ट यायला लागले की पुढचे टप्पे थांबतात. कोणाचा नंबर कधी, हे मशिनचा ओळख क्रमांक आणि पॅकेजचं नाव-आवृत्ती मिळून ठरतं, त्यामुळं दरवेळी तेच मशिन बळीचा बकरा होत नाही. सुरक्षेच्या अपडेटांना मात्र ही रांग नाही. ती लगेच सगळ्यांना जातात, आणि ते बरोबरच आहे.

गंमत म्हणजे मेसेज आला उद्यमबागेतून. तिथं सुटे भाग कापणाऱ्या सीएनसी मशिनवर नवा जॉब लावला की पहिला नग गेज लावून तपासल्याशिवाय लॉट सोडतील का? मग कॉम्प्युटरवाल्यांनी तेच केलं तर तो गोंधळ कसा?

"हॅकरनं कोड घुसवला." तथ्य आहे म्हटलं ते इथं. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार होतं. ते घालणाऱ्यानं बराच काळ भल्या माणसासारखं काम करून विश्वास कमावला होता. आणि चोरकोड लपवला कुठं? चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत. आपोआप चालणाऱ्या एकाही चाचणीला तो सापडला नाही, हे मान्यच करायला हवं. सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला: लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं जाहीर केलं. यात नशिबाचा भाग मोठा. पण तो कोड तेव्हा होता कुठं, हेही बघा. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये; स्टेबलपर्यंत पोचलाच नव्हता. उबुंटूनं येऊ घातलेल्या २४.०४ आवृत्तीचा बीटा (चाचणीची प्रत) आठवडाभर पुढं ढकलला आणि त्या काळात बांधलेली पॅकेजं नव्यानं बांधली. टप्पे नसते तर फ्रॉइंडला सापडेपर्यंत तो कोड सगळीकडं गेला असता.

मेसेजवाल्याला ठाऊक नसलेलं एक उदाहरण मीच देतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या स्टेबलमध्येच चुकीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) पोचला. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणली, तिच्या जोडीचा बदल मागंच राहिला, आणि ईएक्सटी४ या पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवरचा डेटा खराब होण्याचा धोका तयार झाला. म्हणजे चाळणीतून खडा गेला. डेबियननं १२.३ या आवृत्तीच्या इमेज (सिस्टिम बसवायच्या फाइली) रोखल्या, 'आत्ता अपडेट करू नका' असं उघड सांगितलं आणि १० डिसेंबरला दुरुस्त १२.४ दिली. मला यात लपवण्यासारखं काही दिसत नाही.

"पैसेवाल्या कंपन्या तपासून पाठवतात." १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाइल, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशिनं बंद. आपल्याकडं विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले, ते फोटो याच ग्रुपांवर फिरले होते. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता आणि ती टप्प्यांशिवाय सगळीकडं गेली. पुढं कंपनीनं टप्पे करायचं ठरवलं.

"तेव्हा अपडेट बंद ठेवा." हे मी करून बसलोय. दुसऱ्या एका दुकानात लग्नसराईत कटकट नको म्हणून अपडेट बंद केली आणि विसरलो. आठ महिन्यांनी चालू केली तेव्हा शेकडो पॅकेजं एकदम उतरायला लागली, आणि मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. मशिन सुरू झालं ते काळ्या पडद्यावर, आणि दुकानदार शेजारी उभा: "आता काय करायचं हो?" अर्धवट राहिलेली पॅकेजं पुन्हा बसवून घेण्यात अख्खी दुपार गेली. दोष उबुंटूचा नव्हता, माझा होता.

आता मामांकडं सुरक्षेची अपडेटं आपोआप येतात, बाकीची मी सोमवारी सकाळी घेतो, आधी बिलाच्या मशिनवर. आणि एक गोष्ट कुठलीही यंत्रणा आमच्यासाठी करेल असं मी धरून चालत नाही. अपडेट झालं की पत्रिकेचा एक जुना साचा उघडतो: 'ऱ्ह', 'ळ', 'श्री', 'कर्तृत्व', खाली कन्नडमधली वधूपक्षाची नावं. रद्दी कागदावर एक प्रत काढतो. ऱ्ह मोडला नसेल तर मामा कागद उलटा करून त्यावर दिवसाचा हिशेब मांडायला घेतात.