सात विभागांची नावं आणि क्रिएटिनिनचा एक कॉलम

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. हॉस्पिटलमधल्या संशोधनाशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

एका अभ्यासाचं सादरीकरण झालं. पहिल्या स्लाइडवर सात विभाग, सात विभागप्रमुख, खाली बारीक अक्षरात बाकीचे. विषय उत्तम. सीटी स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) दिल्यावर भरती रुग्णांच्या किडनीला किती इजा होते? निष्कर्ष असा की आयसीयूतल्या रुग्णांना जवळजवळ काहीच होत नाही. सगळे खूश. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मूळ एक्सेल उघडायला लावली.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी बिघडली की तो वाढतो. त्याच्या कॉलममध्ये ०.९, १.१, १.४ अशी रांग आणि मधूनच ९७, १४१, २३०. मुख्य लॅब रिपोर्ट देते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. आयसीयूतलं ब्लड गॅसचं मशीन देतं मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. तेव्हा ते १४१ म्हणजे साधारण १.६ आणि २३० म्हणजे २.६. चांगले खरेखुरे, काळजी करण्यासारखे आकडे. पण डेटा साफ करताना ‘२० च्या वरचं क्रिएटिनिन शक्य नाही’ असा फिल्टर लावला आणि ते सगळे उडवले. गेले कोण? ज्यांचं रक्त रात्री-अपरात्री, घाईत, बेडशेजारच्या मशीनवर लागलं ते. म्हणजे अख्ख्या अभ्यासातले सगळ्यात आजारी रुग्ण. आता आयसीयूत इजा होत नाही हे दिसणारच की!

चुकलं कोण, हे विचारा आता. लॅबचा आकडा बरोबर. आयसीयूचा बरोबर. रेडिऑलॉजीने स्कॅनची यादी नीट दिली. स्टॅटिस्टिशियनला जो कॉलम मिळाला त्याचं गणित त्याने बरोबर केलं. प्रत्येक विभाग आपापल्या हद्दीत निर्दोष, आणि उत्तर साफ चूक. दोन विभागांच्या मधली जागा कोणाच्याच नावावर नाही, आणि असले अभ्यास नेमके तिथेच मरतात.

बरं, एकक सुधारलं म्हणून भागतं असंही नाही. किडनीला इजा झाली म्हणजे काय, ते केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या व्याख्येत आहे: ४८ तासांत क्रिएटिनिन किमान ०.३ ने वाढलं, किंवा ७ दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं. मूळ आकडा कुठला, यावर मात्र ज्याचं त्याचं मत. नेफ्रॉलॉजीवाले (किडनीचे डॉक्टर) जुने कागद काढून रुग्णाचा एरवीचा स्थिर आकडा शोधतात. आयसीयूवाले भरतीच्या दिवशीचा धरतात. रेडिऑलॉजीला स्कॅनच्या आधीचा शेवटचा पुरतो. एक रुग्ण घ्या: एरवी ०.८, भरती होताना १.४, स्कॅननंतर १.५. भरतीचा आकडा धरला तर वाढ ०.१, म्हणजे काही झालंच नाही. एरवीचा धरला तर जवळजवळ १.९ पट, म्हणजे इजा झाली आणि खापर कॉन्ट्रास्टच्या डोक्यावर. खरं तर माणूस दारातून आत आला तेव्हाच पावणेदोन पट होता. किडनी बिघडवली सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या संसर्गाने. हे ठरवायला सातही विभागांना एका टेबलाभोवती अर्धा तास बसावं लागतं. सह्या मात्र प्रत्येकाच्या केबिनमध्ये जाऊन वेगवेगळ्या घेतलेल्या.

त्याच व्याख्येत लघवीचाही निकष आहे: किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी, निदान ६ तास. ७० किलोच्या माणसाला ताशी ३५ मिलिलिटर. आयसीयूत कॅथेटर असतो, सिस्टर दर तासाला आकडा लिहितात. वॉर्डात बहुतेकांना कॅथेटर नसतो आणि नसावाही. तिथे पाळीच्या शेवटी एकच अंदाज लिहिला जातो. मग हा निकष सरसकट लावला की आयसीयूत इजा जास्त ‘सापडते’, कारण तिथे कोणीतरी मोजत असतं. आधी एका चुकीने आयसीयूतली इजा गायब, आता दुसऱ्या चुकीने फुगलेली. या दोन चुका एकमेकींना मारून बरोबर उत्तर देतील अशी आशा ज्यांना असेल त्यांनी लॉटरी खेळावी, संशोधन नको.

आणि वेळा! रक्त काढल्याची वेळ, सॅम्पल लॅबला पोचल्याची वेळ, रिपोर्ट सुटल्याची वेळ. सिस्टिममधून एक्सपोर्ट मारला की बऱ्याचदा शेवटची येते. स्कॅनच्या आधी काढलेलं रक्त मग ‘नंतरचं’ ठरतं. सीटी मशीनचं घड्याळ हॉस्पिटलच्या सर्व्हरशी जुळवलेलं नसेल तर आणखी गोंधळ. ४८ तासांची खिडकी मोजायची आणि घड्याळांत वीस मिनिटांचा फरक, त्यात काय एवढं, असं म्हणणारे भेटतात. अहो, इमर्जन्सीत रक्त आणि स्कॅन या दोन्हींमध्ये वीसच मिनिटं असतात.

हो, मान्य आहे, रेसिडेंटला झोपायला वेळ नाही तिथे तो घड्याळं कुठे जुळवत बसणार. म्हणूनच ते त्याच्या गळ्यात मारू नका.

त्या फाईलमध्ये अजूनही माल होता. सीआरपीच्या (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासणीच्या) कॉलममध्ये काही ठिकाणी ‘०.३ पेक्षा कमी’ हे चिन्हासकट आलेलं. सॉफ्टवेअर त्याला अक्षरं समजतं, आकडा नाही, आणि रिकामी जागा धरून पुढे जातं. म्हणजे क्रिएटिनिनमध्ये सगळ्यात आजारी लोक गळाले आणि सीआरपीमध्ये सगळ्यात धडधाकट. नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्ली, त्यामुळे दोन विभागांच्या याद्या जोडताना काही रुग्ण जुळलेच नाहीत. बेशुद्ध आलेल्या माणसाला इमर्जन्सीत तात्पुरता नंबर मिळतो, ओळख पटल्यावर खरा, आणि जुन्या नंबरावरचे रिपोर्ट तिथेच पडून राहतात. पुन्हा तेच: गंभीर रुग्णच गळतात.

यावर एक ज्येष्ठ म्हणाले, “आकडा मोठा आहे, हजारो रुग्ण आहेत, अशा चुका बुडून जातात.” बुडत नाहीत हो! ज्या चुका कोणावरही सारख्या पडतात त्या बुडतात. ज्या एकाच बाजूला पडतात त्या रुग्ण वाढवल्यावर आणखी ठाम होतात. १९४६ मध्ये मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी दाखवून दिलं की नुसत्या भरती रुग्णांकडे पाहिलं तर ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे आजारही जोडीने दिसू शकतात, कारण दोन आजार असलेला माणूस हॉस्पिटलात पोचण्याची शक्यताच वेगळी असते. त्यांचं उदाहरण मधुमेह आणि पित्ताशयाचा दाह यांचं होतं. इतकी वर्षं झाली, तरी कार्डिऑलॉजीच्या भरती रुग्णांची यादी गॅस्ट्रोच्या यादीला जोडून ‘अनपेक्षित संबंध’ शोधणारे आजही टाळ्या घेतात. त्यात प्रत्येक विभागाला आपलेही दोन प्रश्न घुसवायचे असतात. खरा फरक कुठेच नसताना २० स्वतंत्र चाचण्या ०.०५ च्या पातळीवर (म्हणजे नुसत्या योगायोगाने फरक दिसायची शक्यता विसात एक) केल्या तर निदान एक तरी ‘महत्त्वपूर्ण’ निघण्याची शक्यता ६४ टक्के. तीच एक मग शीर्षकात जाते.

थोडं थांबून लिहितोय. या सगळ्यात ज्यांचा राग येत नाही अशी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला हवं.

लॅबच्या सिस्टिममध्ये ‘रिमार्क’ नावाचा रकाना असतो. टेक्निशियन तिथे लिहितात: सॅम्पल हिमोलाइज्ड. गुठळी आढळली. ट्यूब अर्धीच भरली. सलाइन चालू असलेल्या हातातून घेतल्याची शक्यता. हे कोणी त्यांना संशोधनासाठी लिहायला सांगितलेलं नसतं. लाल पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, एलडीएच (पेशींतलं एक एन्झाइम) वाढतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम पडतं, आणि ही जोडी पाहून अनुभवी टेक्निशियन रिपोर्ट सोडायच्या आधी वॉर्डला फोन लावतो. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर उतरते. वरच्या मजल्यावरून दोन तास उशिरा आलेल्या ट्यूबवर टेक्निशियन वेळ टाकतो, ती एवढ्यासाठी. आणि एक्सपोर्ट करताना पहिला कॉलम कुठला वगळला जातो? रिमार्क. ‘फ्री टेक्स्ट आहे, अॅनालिसिसला उपयोग नाही.’

त्या क्रिएटिनिनच्या फाईलमध्येही रिमार्क वगळलेला होता. मूळ सिस्टिममध्ये पाहिलं तर आयसीयूच्या आकड्यांपुढे स्वच्छ लिहिलेलं: ‘बेडसाइड अॅनालायझर, एकक वेगळं.’ कोणीतरी सांगून ठेवलं होतं. वाचायला कोणाला वेळ नव्हता.

ऑपरेशन थिएटर आणि पॅथॉलॉजी यांच्या मधलंही असंच. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीवर ईआर, पीआर, हर-टू (कुठला उपचार लागू पडेल हे सांगणाऱ्या खुणा) तपासायचं तर ऊतक काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवं, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. फॉर्मॅलिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड, ऊतकाच्या निदान दहापट. मोठी गाठ छोट्या डबीत कोंबली की आतला भाग नीट फिक्स होत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. हा तास कधी सुरू झाला, हे फक्त थिएटरमधल्या सिस्टरला माहीत असतं. फॉर्मवर ती वेळ लिहायला जागा ठेवली तर त्या लिहितात. ठेवलीच नाही तर कुठे लिहितील, हातावर?

ऑन्कॉलॉजी (कॅन्सर विभाग) आणि रेडिऑलॉजी यांचा तंटाही असाच. रेसिस्ट १.१ (स्कॅनवर गाठी घटल्या की वाढल्या हे ठरवायचे नियम) प्रमाणे जास्तीत जास्त ५ गाठी निवडायच्या, एका अवयवात २ पेक्षा जास्त नाही, त्याच गाठी दर वेळी मोजायच्या. त्यांच्या व्यासांची बेरीज सुरुवातीपेक्षा ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद. सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली तर आजार पुढे गेला. पण रोजच्या रिपोर्टमध्ये असतं ‘आधीपेक्षा किंचित लहान’. रेडिऑलॉजिस्टचा दोष नाही, उपचारासाठी तेवढं पुरतं. अभ्यासाला पुरत नाही, हे पहिल्या रुग्णाच्या आधी सांगायला हवं होतं. शंभराव्या रुग्णानंतर ‘जुने स्कॅन पुन्हा मोजून द्या’ म्हणत गेल्यावर दार आपटलं तर नवल कसलं.

हे जमत नाही असं म्हणूच नका. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत रुग्ण होते १०७. छातीचे एक्स-रे वाचले दोन रेडिऑलॉजिस्टनी आणि एका क्लिनिशियनने, प्रत्येकाने स्वतंत्र, आणि रुग्णाला औषध मिळालंय की नाही हे न कळता. तेव्हा ना एक्सेल होती ना ईमेल. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने ऐन कोविडच्या साथीत हजारो रुग्ण घेतले, कारण फॉर्म मुद्दाम आखूड ठेवला आणि मुख्य प्रश्न एकच होता: २८ दिवसांत रुग्ण दगावला की नाही. मृत्यूची व्याख्या नेफ्रॉलॉजीत एक आणि आयसीयूत दुसरी नसते. त्यात दिसलं ते असं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दिवसाला ६ मिलिग्रॅम, १० दिवसांपर्यंत, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही. हे वेगळं दिसलं कारण कोणाला कुठला श्वासाचा आधार चालू आहे, हे औषध ठरायच्या आधीच, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहून घेतलं होतं.

सगळ्याच प्रश्नांना मृत्यूसारखं एकच साधं उत्तर नसतं, हेही खरं. किडनीच्या प्रश्नाला तर नाहीच. मग तिथे तयारी जास्त लागते, कमी नाही.

आता लेखकांची यादी, कारण राग परत चढलाय. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे लेखक ठरवायचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात गंभीर सुधारणा, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही हवेत. नुसतं विभागाचं प्रमुखपद किंवा निधी आणणं पुरत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. सादरीकरणात ‘मायक्रोमोल कुठून आले’ हे विचारल्यावर सात प्रमुखांपैकी एकालाही सांगता आलं नाही. चौथा निकष तिथेच संपला. ज्याने रिमार्क लिहिला होता त्याचं नाव आभारातही नाही.

तर ज्यांच्या टेबलावर सध्या असा एखादा प्रोटोकॉल सहीसाठी पडलाय त्यांनी एवढं मागा. प्रत्येक कॉलमचा एक तक्ता: नाव, एकक, कुठल्या मशीनचं, कुठली वेळ, ‘पेक्षा कमी’ आलं तर काय लिहायचं. त्या तक्त्यावर लॅबची, वॉर्डची आणि स्टॅटिस्टिशियनची सही, प्रमुखांच्या आधी. पहिल्या दहा-वीस रुग्णांची फाईल मूळ केसपेपरशी हाताने ताडून बघायची, मगच पुढची भरती. कुठलाही आकडा ‘अशक्य’ म्हणून उडवायच्या आधी तो कुठल्या बेडवरून आला हे बघायचं. आणि एक माणूस नेमायचा, पगारी, ज्याचं काम दोन विभागांच्या मधलंच असेल. ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं तर सही करू नका.

कमेंटमध्ये सॉफ्टवेअरची नावं सुचवू नका, हात जोडतो. रेडकॅपमध्येसुद्धा (संशोधनाचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर) एककाचा वेगळा रकाना आणि किमान-कमाल मर्यादा कोणीतरी बसून टाकावी लागते.