‘ताई, जरा वास्तवात या’ : या प्रतिक्रियेला उत्तर

दादा (तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून दादा म्हणतेय), परवाच्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. आधी ठरवलं होतं की धन्यवाद म्हणून विषय सोडून द्यायचा, पण दोन दिवस झाले डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून शेवटी बसले लिहायला.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन बायकांच्या प्रेमावरची १८ मिनिटांची एक शॉर्टफिल्म, तिच्याबद्दल मी भरभरून लिहिलं होतं. एकजण कपडे अल्टर करून देते, दुसरी आपल्या वारलेल्या वडिलांचा कोट घेऊन येते आणि हा माझ्या मापाचा करून द्या म्हणते. दादांचं म्हणणं असं की मापं घेण्याचा सीन मी म्हटलं तसा एका शॉटमध्ये नाही, पार्श्वसंगीत फार आहे, १८ मिनिटांत कोणी प्रेमात पडत नसतं, आणि मग ही ओळ, जशीच्या तशी देते: ‘शेवट गोड करून दिग्दर्शिकेने पळ काढलाय, अशा नात्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, ताई जरा वास्तवात या.’

शॉटचं तुमचं बरोबर आहे. मी परत बघितलं, टेप खांद्यावरून मनगटाकडे येते तिथे आरशाच्या कडेला एक कट आहे, तो माझ्या नजरेतून सुटला. मान्य. संगीत ही ज्याची त्याची आवड, त्यावर मी भांडत नाही.

पण ती शेवटची ओळ. ताई म्हणायचं आणि लगेच लहान मुलीला समजवावं तसं बोलायचं, हे मला लागलं, खरंच लागलं. फिल्म नाही आवडली तर नाही आवडली म्हणा ना! १२ वर्षं लिहितेय मी, माझ्याशी कडाकडा भांडलेले वाचक आहेत आणि त्यांच्याशी माझं आजही छान बोलणं आहे. पण ‘सगळ्यांना माहितीये’ म्हणजे नक्की कोणाला? तुम्ही विचारलंत का कोणाला?

अशा बायकांचं पडद्यावर आणि रंगमंचावर काय होतं ते मात्र मला चांगलं माहितीये, कारण तेच बघत मी मोठी झाले. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं, केवढं मोठं नाटक, पण बाईवर प्रेम करणारी त्यातली नायिका मित्रा शेवटी जीव देते. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडक लागू झाला तेव्हा असं प्रेम उघड दाखवायलाच बंदी होती, आणि १९६१ मध्ये ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये शर्ली मॅक्लेनचं पात्र एकदाचं मनातलं बोलून टाकतं तर त्यानंतर थोड्याच वेळात गळफास. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५२ मध्ये दोघींना आशा ठेवणारी कादंबरी लिहिली, ज्यावरून २०१५ मध्ये ‘कॅरल’ आला, ती तिने टोपणनावाने छापली. आणि केनियातली दोन मुलींच्या प्रेमावरची फिल्म ‘रफीकी’ आठवा, २०१८ ची. तिथल्या सेन्सॉर बोर्डाची तक्रार काय होती, तर शेवट आशादायक आहे! दिग्दर्शिका वानुरी काहिऊने तो बदलला नाही, बंदी आली, मग ती कोर्टात गेली आणि फक्त ७ दिवसांसाठी बंदी उठली. म्हणजे दादा, तुम्ही ज्याला वास्तव म्हणताय तो शेवट कितीतरी वेळा असाच वरून लादलेला आहे, नाहीतर फिल्म दाखवू देणार नाही म्हणून. आशा ठेवायलाच जास्त हिंमत लागलीय इथे, आणि तुम्ही त्यालाच पळ काढणं म्हणता.

आता माझं वास्तव सांगते, तुम्ही यायला सांगितलंतच आहे तर. मी २४ वर्षांची होते. माझ्या सायकलची चेन पडली होती आणि एक मुलगी ती बसवून देत होती, दोन्ही हात ग्रीसने काळे झालेले, केस डोळ्यांवर आलेले, म्हणून मी ते मागे सारले. बस, तेवढंच झालं, आणि त्याला १८ मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढचं सोपं नव्हतं, तिच्या घरचे चार वर्षं बोलत नव्हते, माझ्या आईने तर स्वयंपाकघरात उभं राहून जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. पण १५ वर्षं झाली, आम्ही एकत्र आहोत, कोणी मेलं नाही. हे लिहितेय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी जोरजोरात बोलतेय. हे वास्तव नाही का? का आमच्यातल्या एकीचं प्रेत दिसल्याशिवाय तुम्हाला गोष्ट खरी वाटतच नाही? तसं असेल तर दोष फिल्मचा नाही, तुमच्या बघण्याचा आहे, हे मी स्पष्टच सांगते.

आणि शेवट गोड आहे तरी कुठे हो? नीट बघा परत. कोटाची एक बाही अजून उसवलेलीच आहे, शिवणारीला सुईचं भोक दिसत नाहीये, दुसरी तिच्या हातातून दोरा घेते, दोनदा चुकते, तिसऱ्यांदा ओवून देते आणि हात तसाच ठेवते. लग्न नाही, वचन नाही, उद्या ती येईल की नाही तेही सांगितलेलं नाही. एक हात मागे घेतला गेला नाही एवढंच काय ते दाखवलंय, आणि तेवढंही तुम्हाला जास्त झालं याचं मला खूप वाईट वाटलं.

एका शॉटचं वाक्य मी मूळ पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. शेवटाबद्दल लिहिलेला परिच्छेद होता तसाच ठेवलाय.